रमाबाईंच्या बेडरूममधली अंबाडी

१

सप्टेंबरमध्ये लेकीकडे गेलेल्या रमाबाई खांबेटे डिसेंबरअखेर, ठरल्या वेळेच्या महिनाभर आधी, पुण्याहून परत आल्या, कारण जावयाशी वाजलं. चौथ्या मजल्यावरच्या घराचं कुलूप काढून त्या आत गेल्या, बेडरूमचं दार उघडलं, आणि त्यांना पहिला प्रश्न पडला तो असा, की इथे अंबाडी कोणी लावली?

पलंग भिंतीला उभा करून ठेवला होता. त्याच्या जागी चेन लावायचा एक काळा तंबू उभा होता, आतून चांदीच्या कागदासारखा चकचकीत. तंबूत पांढराफेक दिवा जळत होता आणि दिव्याखाली सात कुंड्यांत कमरेएवढी झाडं होती. पानं पंजासारखी चिरलेली, शेंड्यांना दाट तुरे. दुसरी एखादी बाई किंचाळत जिन्यात आली असती. पण रमाबाईंनी आयुष्यात भाजी वाया जाऊ दिली नव्हती. त्यांनी पदर खोचून एक जुडी खुडली आणि ती घेऊन दोन मजले उतरून योगिनीबाईंची बेल वाजवली.

"योगिनी, अगं ही अंबाडीच ना? हाताला चिकट का लागतेय? कण्या आणि तूर घालून भाजी करणार होते, म्हटलं आधी तुला दाखवावी."

डोंबिवलीजवळच्या कोपरच्या ‘बकुळगंध’ सोसायटीत बकुळीचं झाड कधीच नव्हतं, पण झाडांतलं कळणारी माणूस एकच होती: योगिनी रत्नपारखी. चौतीस वर्षं ज्युनियर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. कुणाच्या कढीपत्त्यावर कीड पडली की त्यांचा दरवाजा वाजे. नवरात्रात त्यांचा घट बघायला खालवरच्या बायका येत, कारण नऊ धान्यं पेरून सगळी एकसारखी उगवणं इतर कुणाला जमत नसे. बाईंना याचा अभिमान होता. तो लपवण्याची तसदी त्यांनी कधी घेतली नाही.

बाईंनी चष्मा लावला, मग भिंग घेतलं, आणि जुडी हळूच वर्तमानपत्रावर ठेवली.

"रमाकाकू, आधी हात धुवा. साबणाने. हा गांजा आहे."

रमाबाईंनी दोनदा साबण लावून हात धुतले. थोड्या वेळाने तोंडाला पाणी लावून त्या म्हणाल्या, "पण माझ्या घराची दुसरी किल्ली तर तुझ्याकडेच असते ना गं?"

२

किल्ली जागेवर होती. देवघराशेजारच्या खिळ्यांवर चार शेजाऱ्यांच्या किल्ल्या टांगलेल्या असत, तिथेच, निळ्या दोऱ्यात.

चेअरमन रवींद्र सबनीस आले. बाई, सबनीस आणि रमाबाई असे तिघे वर गेले. सबनीसांचा जीव थाऱ्यावर नव्हता. "मॅडम, पोलिसांना कळवायलाच लागणार. पण उद्या पेपरात ‘बकुळगंध’चं नाव आलं तर फ्लॅटला गिऱ्हाईक मिळायचं नाही. कोणी केलंय ते आपल्याला आधी कळलेलं बरं. तुम्ही बघा की जरा. तुमचाच विषय आहे."

तुमचाच विषय आहे, हे ऐकून बाईंची पाठ ताठ झाली. त्यांनी तंबूत डोकं घातलं. महिनाभर जिन्यात एक उग्र वास येत होता खरा. पण डोंबिवलीत वास आला की माणूस नाक धरतो, कारण शोधत नाही. सगळे म्हणाले कंपन्यांनी पुन्हा काहीतरी सोडलं असेल, आणि खिडक्या लावून घेतल्या.

कुंड्या स्वच्छ, पानं तजेलदार. ज्याने कुणी केलं त्याच्या हाताला गुण होता, हे बाईंना मनातल्या मनात मानावं लागलं. एका कुंडीत गवतासारखी दोनचार बारीक रोपं आपसूक आली होती आणि मातीवर कसल्यातरी फिक्या निळ्या चिंध्या पडल्या होत्या, नखाएवढ्या. कागद असेल म्हणून बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या दिव्याची वायर शोधत होत्या. वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये गेली होती.

"टायमर नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज वर्गातला झाला. "सबनीस, हे झाड शेवंतीसारखं. रात्र मोठी मिळाली तरच फुलतं. रोज बारा तास गुडुप अंधार, एक दिवस चुकला तरी बिघडतं. आणि इथे तर फुलोरा भरात आहे. म्हणजे कोणीतरी रोज, न चुकता, ठरल्या वेळी येऊन दिवा हाताने बंद करत होतं आणि बारा तासांनी लावत होतं."

"रोज? घड्याळ लावून?"

"घड्याळ लावून."

सबनीसांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "मॅडम, सकाळी साडेसहाला पंप लावायला आणि संध्याकाळी साडेसहाला जिन्याचे दिवे लावायला आपल्याकडे रोज कोण येतं?"

हर्षित मढवी. सोसायटीचा इलेक्ट्रिशियन.

बाईंना एक गोष्ट आठवली आणि ती आठवल्याचा त्यांना आनंद झाला. पुढे कित्येक दिवस त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटायची ती या आनंदाची.

"सप्टेंबरमध्ये रमाकाकूंचा पंखा बसवायला तो किल्ली घेऊन गेला होता," त्या म्हणाल्या. "एक रात्र त्याच्याकडेच होती."

३

शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात पंधरा-वीस माणसं जमली. बाईंनी दुपारचंच पुन्हा सांगितलं, यावेळी फळ्यावर आकृती काढून. दिवस इतका, रात्र इतकी. शेवटच्या ओळीत त्यांचे पती सुदेशराव बसले होते. अडुसष्ट वर्षांचे, केमिकल कंपनीतून निवृत्त, गुडघ्यांनी हैराण.

हर्षित दाराशी उभा होता, हातात पिशवी आणि टेस्टर. ‘बकुळगंध’ ज्या जमिनीवर उभी आहे ती एके काळी मढव्यांची भातजमीन होती, त्याच्या पलीकडे त्यांचं मिठागर. आता त्याची आई ठमाबाई गेटाबाहेर भाजी विकायची. हर्षित बारावीला बाईंच्याच वर्गात होता, शेवटच्या बाकावर.

"मॅडम, मी नाय केलेलं," तो म्हणाला. "किल्ली मी दुसऱ्या दिवशी आणून दिलेली. तुम्हीच घेतलेली."

"पण तेवढ्यात दुसरी करून घ्यायला किती वेळ लागतो?" सबनीस म्हणाले.

"सर, कायपण काय बोलता? कोणी बघितलंय मला?"

"झाडं खोटं बोलत नाहीत, हर्षित," बाई म्हणाल्या. "माणसं बोलतात."

हे वाक्य त्यांनी किती वर्षं वर्गात वापरलं होतं कोण जाणे. ऑफिसात दोघातिघांनी माना डोलावल्या. हर्षितने मात्र बाईंकडे असं पाहिलं, जणू फळ्यावरची आकृती त्याला आता कुठे कळली होती. त्याने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला.

ठरलं असं: रमाबाईंच्या बेडरूमचं दार कोणी उघडायचं नाही. रविवारी अकराला पोलीस येतील आणि हर्षितला त्यांच्या हवाली करायचं. गांजाची लागवड म्हणजे काय शिक्षा होते ते सबनीसांनी फोनवर वाचून दाखवलं. दहा वर्षांपर्यंत, हा आकडा त्यांनी दोनदा वाचला.

घरी येऊन बाईंनी वरणभात करून वाढला. "तुम्ही एक शब्द बोलला नाहीत," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"तू इतकं छान समजावून सांगत होतीस," सुदेशराव म्हणाले, आणि अर्धा भात ताटात टाकून उठले.

४

रविवारी सकाळी सातला बेल वाजली. दारात ठमाबाई. आत ये म्हटलं तरी ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"बाई, मी भांडायला नाय आली. फक्त सांगाला आली. तुमी बोल्ला रोज दिवा बंद केला नाय तर झाड बिघडतं. खरा ना?"

"खरं."

"मग तुलशीच्या लग्नापासून अठरा दिस माजा पोर काविलीनं इस्पितलान पडला व्हता. तवा दिवा कोन बंद करी?" तिचा आवाज चढला नाही. "तुमीच तवा बोल्लेल्या, जिन्याचे दिवे दिवसभर चालू ऱ्हातान, तुजा हर्षित कुठं मेला म्हनून. मी तुमाला सांगितला व्हता. तुमी मेथीची जुडी घेतली न् गेल्या."

बाईंना ती मेथीसुद्धा आठवली. कोवळी होती.

ठमाबाई गेल्यावर त्या तशाच चपला घालून रमाबाईंकडे चढल्या. "काकू, बेडरूमचं दार उघडा. ठरलंय ते माहीत आहे. तरी उघडा."

दिवा जळत होता. काल दुपारपासून खोलीत कोणी गेलं नव्हतं, म्हणजे रात्रभर जळत होता. झाडांना त्याचं काही नव्हतं. आणि ज्या कुंडीत गवतासारखी रोपं होती तिथे, हिरव्या काडीच्या टोकावर, एक फूल उमललं होतं. पाच पाकळ्यांचं, धुतल्या आकाशाच्या रंगाचं.

काल ज्यांना त्या कागदाच्या चिंध्या समजल्या, त्या पाकळ्या होत्या. जवसाच्या. जवसाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत त्याच्या पाकळ्या गळून जातात. काल बाई वर आल्या तेव्हा दुपार कलली होती.

बाई जमिनीवरच बसल्या. जवस शेवंतीच्या अगदी उलट. त्याला मोठा दिवस लागतो. बारा तास अंधाराच्या खोलीत ते इतक्या लवकर फुलायचं नाव घेत नाही. म्हणजे हा दिवा साडेसहाला कधीच बंद होत नव्हता. टायमर नव्हता, कारण टायमरची गरजच नव्हती.

मग गांजा फुलला कसा? त्यांनी फोन काढला आणि वाचू लागल्या. दोनच मिनिटं लागली. थंड मुलखातली एक रानटी जात, तिच्याशी संकर करून काढलेलं नवं बियाणं. रात्र केवढी, दिवस केवढा, ते झाड बघतच नाही. ठरावीक वय झालं की आपोआप फुलतं. बी पेरल्यापासून दहा-अकरा आठवड्यांत तयार. बाईंनी वर्गात जे पुस्तक शिकवलं त्याची शेवटची आवृत्ती त्यांच्या लग्नाच्या वर्षीची होती. निवृत्तीनंतर नवं काही वाचायची त्यांना गरज वाटली नव्हती. त्यांना सगळं येतच होतं.

पेरणीचा दिवस काढणं आता सोपं होतं. बोटांवर आठवडे मोजत त्या मागे गेल्या. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. बोट दसऱ्यापाशी येऊन थांबलं.

आणि डोंबिवलीत, कुंडीच्या मातीत, जवस आलं कुठून?

त्यांच्या माहेरी, अंबाजोगाईला, घटात नववं धान्य जवस घालायची रीत होती. इथे कोणाकडे ती नव्हती. सोसायटीत दरवर्षी बायका विचारत, अहो हे बारीक चकचकीत काय हो पेरता? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घटाची माती बाईंनी पिशवीत भरून दिली होती, देवळाच्या पिंपळाखाली घालून या म्हणून. उगवायचे राहिलेले चार दाणे त्या मातीत असणारच.

पिशवी कोणाच्या हातात दिली होती, हे आठवायची गरज नव्हती.

साडेसात वाजले होते. त्या फुलाकडे बघत राहिल्या. उपटायचीसुद्धा जरूर नव्हती. पोलीस अकराला येणार, पंचनामा होईतो बारा-एक वाजणार, तोवर पाकळ्या आपोआप गळतील. रमाबाईंना जवस आणि गवत यांतला फरक कळत नाही. या इमारतीत तो कळणारी एकच माणूस होती, आणि ती गप्प बसली की झालं. हर्षितचं कावीळ प्रकरणही सबनीस निकालात काढतील. दुसऱ्या कोणाला तरी पाठवत असेल, म्हणतील.

बाईंनी हा विचार पुरता केला. अर्धवट सोडला नाही. आणि तो आपल्याला करता आला म्हणून त्यांना स्वतःची शिसारी आली.

५

घरी जाण्याआधी त्यांनी जिन्यातूनच ठाण्याला मुलीला फोन लावला.

"रुचिता, तुझ्या मोगऱ्याची पानं अजून पिवळी पडतात का गं?"

"कुठला मोगरा? आई, माझ्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला जागा नाही."

दोन महिने सुदेशराव जेवताना विचारत होते. रुचिताच्या मोगऱ्याची खालची पानं पिवळी पडली तर काय करायचं गं? नत्र कमी पडतंय, खत द्या. टोकं करपली तर? खत जास्त झालं, नुसतं पाणी द्या. कळ्या धरल्यावर? पाणी बेताचं. बाईंना किती बरं वाटलं होतं. चाळीस वर्षांत नवऱ्याने पहिल्यांदा त्यांच्या विषयात काही विचारलं होतं.

म्हणजे ती सात झाडं, नकळत, बाईंनीच वाढवली होती.

सुदेशराव दाराशी बूट काढत होते. रोज सकाळी तासभर फिरायला जात. बाईंनी ते पांढरे कॅनव्हासचे बूट हातात घेऊन उलटे केले. बूट घेऊन अडीच महिने झाले होते, रोज तासभर चालूनही तळ नवाकोरा होता. खाचेत काळी माती तेवढी अडकली होती.

"चौथ्या मजल्यापर्यंतच फिरायला जात होतात ना?"

सुदेशराव स्टुलावर बसले ते उठलेच नाहीत.

"कंपनीतल्या पोपटने, वर्तकनगरच्या, दिलं सगळं. तंबू, दिवा, बिया," ते हळूहळू म्हणाले. "याचं तेल गुडघ्याला लावायचं, म्हणाला. त्याच्याकडे घर भरलंय माणसांनी, ठेवायला जागा नव्हती. मी म्हटलं मला झाडातलं काही कळत नाही. तो म्हणाला, हे आपोआप फुलतं, माठ माणसालाही जमतं." ते बळेच हसले. "तू सगळ्यांना सांगतेस ना, आमच्या ह्यांच्या हातून निवडुंगसुद्धा मरतो म्हणून. खरं सांगतो, पहिली दोन पानं वर आली आणि मी तेलाचं विसरूनच गेलो. नुसता जाऊन बसायचो. माझ्या हातून काहीतरी जगत होतं गं."

"माझी माती घालून."

"तुझ्या मातीत काहीही उगवतं. म्हणून."

बाईंना रडू आलं नाही. राग आला, आणि रागाच्या तळाशी पुन्हा लाजच होती. निवडुंगाचा विनोद त्यांनी रुचिताच्या लग्नातसुद्धा केला होता, मांडवभर ऐकू जाईल असा.

"आणि काल? तो पोरगा समोर उभा होता. तुम्ही मागे बसून ऐकत होतात."

"उठणार होतो. शप्पथ. पण तू आकृती काढलीस, एकेक मुद्दा असा मांडलास, की मलासुद्धा वाटायला लागलं, हर्षितच असेल." सुदेशरावांनी तोंड झाकून घेतलं. "मी भित्रा आहे, योगिनी. सांगून टाका म्हणालीस तर सांगेन. गप्प बसा म्हणालीस तर गप्प बसेन."

घड्याळात सव्वाआठ झाले होते. निवड आता सर्वस्वी त्यांच्यावर आली होती, आणि चाळीस वर्षांत त्यांनी हेच तर घडवलं होतं, हेही त्यांना त्याच वेळी कळलं.

"बूट घाला," त्या म्हणाल्या.

६

अकरा वाजता ऑफिसात कालच्या दुप्पट माणसं होती. फौजदार साहेब पंख्याखाली बसले होते. ठमाबाई आणि हर्षित दाराशी उभे होते. फळ्यावरची आकृती कोणी पुसली नव्हती.

बाईंनी ती पुसली.

"काल मी चुकीचं शिकवलं," त्या म्हणाल्या. "हे झाड अंधारावर फुलत नाही, वयावर फुलतं. दिवा बंद करायला रोज कोणी येत नव्हतं. वर एका कुंडीत जवसाचं फूल आहे, साहेब. आत्ता जाऊन बघा, दुपारी ते राहणार नाही. ते बी माझ्या घटातलं. दसऱ्याची माती माझ्या घरातून गेली. किल्लीही माझ्याच खिळ्यावरची. चौकशी माझ्या घरापासून सुरू व्हायला हवी होती. पण माझं घर मी मोजलंच नाही. मी दाराकडे बघितलं, आणि तिथे हर्षित उभा होता."

सबनीस म्हणाले, "मॅडम, तुम्हाला म्हणायचंय काय?"

शेवटच्या ओळीत खुर्ची सरकली. सुदेशरावांना गुडघ्यांमुळे पटकन उठता येत नसे. समोरच्या खुर्चीचा आधार घेऊन ते उभे राहिले, आणि कोणी विचारायच्या आधी म्हणाले, "मी केलं. एकट्याने. तिला आज सकाळी कळलं. आणि काल मी गप्प बसलो."

बाईंना वाटलं होतं, खोलीत गलका होईल. पण सगळे जमिनीकडे बघत होते. काल माना डोलावलेले तर सगळ्यांत जास्त.

बाई हर्षितपाशी गेल्या. "माझं चुकलं. मला माफ कर, असं म्हणायचा मला हक्क नाही."

"मॅडम," हर्षित म्हणाला, "काल तुम्ही बोललात, झाडं खोटं बोलत नाहीत. मी रात्रभर विचार करत होतो, मी काय बोललो असतो म्हणजे तुम्हाला खरं वाटलं असतं." त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. किल्ल्यांचा जुडगा टेबलावरच राहिला. तो त्याने पुन्हा कधी उचलला नाही.

सुदेशराव जीपमध्ये बसले तेव्हा पायात ते पांढरे बूट होते. ते जामिनावर सुटले ते बावीस दिवसांनी. खटला अजून उभा राहायचा आहे. फिरायला म्हणून ते हल्ली खरोखर फिरायला जातात, कठड्याला धरून, गेटापर्यंत.

त्या बावीस दिवसांत बाई गेटातून मान खाली घालून जात-येत होत्या. भाजी त्या स्टेशनवरून आणत. एक दिवस मात्र पाय आपसूक थांबले. ठमाबाईच्या टोपलीत मेथी होती, चवळी होती, आणि लालसर देठांची पंजासारखी पानं, ओल्या फडक्यात गुंडाळलेली.

"एक जुडी द्या," बाई म्हणाल्या. आयुष्यभर त्या तिला अगं-तुगं करत आल्या होत्या.

ठमाबाईने जुडी उचलली. पिशवीत टाकली नाही. हात लांब करून ती त्यांच्या चष्म्यासमोर धरली, आणि रस्त्यावरची चार माणसं थांबून बघू लागली तरी धरूनच ठेवली.

"नीट बगून घ्या, बाई," ती म्हणाली. "अंबाडीच हाय."